रेघेपर्यंत पाणी

ठकूच्या कानात काहीतरी बिनसलंय हे घरात सगळ्यांत आधी ठकूच्या आईला कळलं. तिचं म्हणणं असं, की ते तिला दोन दिवस आधीच, म्हणजे काही बिनसायच्याही आधी कळलं होतं. अडीच वर्षांचं पोर काही कान दुखतो म्हणून अर्ज देत नाही. ते कान ओढतं, दूध पिताना मान तिरकी करतं आणि सगळ्या जगाशी कट्टी घेतं. सोमवारी दुपारी तापमापकावर एकशे एकच्या वर आकडा गेला, तेव्हा ठकूची आई घाबरली हे खरंच. पण त्या भीतीच्या आत 'मी म्हणत नव्हते?' असं एक बारीकसं समाधानही होतं. आईच्या मनाचे कप्पे असेच असतात, त्याला इलाज नाही.

डॉक्टरीणबाईंनी ठकूच्या कानात दिवा घालून पाहिलं. ठकूनं त्यांच्या मनगटाला चावून पाहिलं. कान आतून लाल आहे, अँटिबायोटिक द्यावं लागेल, असं ठरलं. सकाळी पाच एमएल, संध्याकाळी पाच एमएल, पाच दिवस, एकूण दहा डोस. ताप दुसऱ्याच दिवशी उतरला तरी दहाच्या दहा डोस द्यायचे. बाटलीत कोरडी पावडर असते, ती उकळून गार केलेल्या पाण्यात बाटलीवरच्या रेघेपर्यंत कालवायची, फ्रिजमध्ये ठेवायची आणि दर वेळी हलवून द्यायची. ठकूच्या आईनं हे सगळं दोनदा विचारलं, एकदा लिहून घेतलं आणि तिसऱ्यांदा विचारणार तोच नवऱ्यानं तिला हाताला धरून बाहेर आणलं.

आता, ठकूची आई रसायनशास्त्राची पदवीधर होती. त्या पदवीचा नोकरीत कणभर उपयोग होत नव्हता, कारण नोकरी होती लोकांच्या तक्रारींना 'आपले पत्र मिळाले' असं उत्तर पाठवण्याची. त्यामुळे पावडर, पाणी आणि काचेची बाटली समोर आल्यावर तिच्यातली पदवी सहा वर्षांनी जागी झाली. पातेलं वेगळं काढलं. पाणी उकळलं, झाकून गार केलं. नवऱ्याला बोलायची बंदी झाली. पंखा बंद झाला. सासरे, म्हणजे घरातले आबा, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून हे सगळं डोळे भरून पाहत होते.

आबांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आबांनी टेलिफोनच्या कचेरीत एकतीस वर्षं बॅटरीच्या खोलीत काढली होती. लोक बोलत ते टेलिफोनवर, पण वीज गेल्यावरही लोकांचं बोलणं चालू राही ते आबांमुळे, अशी त्यांची स्वतःची पक्की समजूत होती आणि ती बरीचशी खरीही होती. घरात मात्र निवृत्तीनंतर, दिवसा ठकूला राखणं सोडलं तर, त्यांच्या हाती काही म्हणून लागू दिलेलं नव्हतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं तसं. ठकूची आई सगळं स्वतःच करायची, कारण दुसऱ्याला समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं पडतं.

तिनं बाटली बोटानं टिचकावून पावडर सुटी केली. अर्धं पाणी घालून हलवली. मग रेघेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवली. वर फेस आला. ती ओठ घट्ट मिटून फेस बसायची वाट पाहत उभी राहिली. फेस बसला, पातळी रेघेच्या खाली गेली, तेव्हा तिनं थेंबाथेंबानं पाणी घालून ती पुन्हा बरोबर रेघेवर आणली आणि डोळा रेघेच्या पातळीत नेऊन खात्री केली. या सगळ्या वेळात ती एक अक्षर बोलली नाही. आबा एवढंच म्हणाले, की काम असावं तर असं. सुनेनं सासऱ्याकडून कौतुक ऐकायची ही पहिलीच खेप. ती लाजली आणि बाटली फ्रिजच्या दारात ठेवून आली.

फ्रिजवर तक्ता लागला. पाच दिवस, दहा चौकोन, प्रत्येक चौकोनात वेळ आणि सही. सकाळी साडेसातला ती घराबाहेर पडायची, म्हणून सकाळचा डोस नवऱ्याकडे आणि संध्याकाळचा तिच्याकडे. नवऱ्याचं प्रशिक्षण झालं. सिरिंज बिनसुईची, त्यावर पाच एमएलची खूण. पोराला आडवं पाडायचं नाही, बसतं धरायचं. औषध सरळ घशात उडवायचं नाही, गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं. नवऱ्यानं विचारलं, चमच्यानं दिलं तर काय बिघडतं? हे त्यानं विचारायला नको होतं. ठकूच्या आईनं घरातले सगळे छोटे चमचे ओट्यावर मांडले आणि प्रत्येकात किती पाणी मावतं ते सिरिंजनं मोजून दाखवलं. एकात साडेतीन मावलं, एकात साडेपाच, आणि नवऱ्याच्या आवडत्या चमच्यात चक्क आठ. त्या दिवसापासून घरात चमच्याकडे सगळे जरा संशयानं पाहू लागले.

समोरच्या काकूंना बातमी लागायला अर्धा तास पुरला. काकूंचा सल्ला त्यांच्या पायातल्या चपलांसारखा, दाराबाहेर राहणं त्याला माहीत नाही. नाक धर, तोंड आपोआप उघडतं, असं त्या म्हणाल्या. ठकूची आई म्हणाली, नको, ठसका लागेल. मग दुधाच्या बाटलीत कालव. नको, अर्धं दूध टाकलं तर अर्धं औषध गेलं. मग ताप उतरला की बंद कर, उगाच पोराच्या पोटात एवढी औषधं कशाला? यावर ठकूच्या आईनं तक्त्याकडे बोट दाखवलं. काकूंनी तक्ता चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, आमच्या वेळी आम्हाला लिहिता येत होतं, पण असं भिंतीवर लिहावं लागत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळचा पहिला डोस ठकूनं घेतला. म्हणजे, आधी गालात घेतला, मग सगळ्यांकडे पाहिलं, आणि मग तोंड वाकडंतिकडं करत गिळला. कडूजहर होतं ते, वर गुलाबी रंगाचा मुलामा. मंगळवारी सकाळी नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर गुलाबी शिंतोडे उडाले, तरी बहुतेक पोटात गेलं असं त्यानं सांगितलं. मंगळवारी संध्याकाळी ठकूनं जरा कमी तोंड वाकडं केलं. आणि बुधवारी संध्याकाळी आश्चर्य घडलं. सिरिंज दिसताच ठकूनं पाखराच्या पिलासारखा आ केला, औषध गिळलं आणि वर 'आनखी' म्हणाली.

ताप उतरला होता. ठकूच्या आईचा आनंद पोटात मावेना. हा आपल्या पद्धतीचा विजय आहे, गालाच्या आतल्या बाजूचा विजय आहे, असं तिनं ऑफिसात सांगितलं, काकूंना सांगितलं आणि फोनवरच्या आयांच्या गटात 'मुलांना औषध कसं द्यावं : सात सूचना' असं लांबलचक लिहून टाकलं. खाली अठ्ठावीस जणींनी हात जोडले. एकीनं तर विचारलं, ताई, तुम्ही वर्ग घेता का? (ही सातसूत्री तिनं शुक्रवारी गुपचूप पुसून टाकली. पण ते पुढे.)

त्याच बुधवारी, विजयाच्या भरात, बाटली फ्रिजमध्ये ठेवताना तिनं ती सहज उजेडासमोर धरली. बाटली तपकिरी काचेची, वर कागद गुंडाळलेला. आत किती आहे ते एरवी दिसत नाही. ते दिसलं आणि ठकूच्या आईचा चेहरा उतरला. बाटली साठ एमएलची. सोमवार संध्याकाळपासून पाच डोस गेले म्हणजे पंचवीस एमएल जायला हवेत. गेले होते जेमतेम पाच. पंचावन्न एमएल बाटलीत खुशाल डुलत होते.

तिनं हिशेब मांडला. समजा सकाळचे दोन्ही डोस नवऱ्यानं दिलेच नाहीत. साध्या माणसानं ठकूला हसवत बसावं आणि तक्त्यावर सही ठोकून द्यावी, हे त्याच्या स्वभावात बसत होतं. तरी तिचे स्वतःचे तीन डोस गेलेच ना? म्हणजे पंचेचाळीस उरायला हवेत. वरचे दहा एमएल हिशेबात बसत नव्हते. पण नवऱ्यावरचा संशय इतका झकास बसत होता, की त्या दहा एमएलचं खापर तिनं काचेच्या जाडीवर फोडलं आणि विषय मिटवला. पदवीचा असाही उपयोग होतो. मग तिनं कागदाच्या कडेला काचेवर पेनानं एक बारीक रेघ ओढली, बरोबर पातळीवर, आणि कुणाला काही बोलली नाही. चोर पकडायचा तर डंका पिटून चालत नाही.

गुरुवारी संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं चपलाही न काढता फ्रिज उघडला. पातळी तिच्या रेघेच्या वर होती.

खाली नव्हे, रेघेवरही नव्हे, वर. औषध वाढलं होतं.

त्यानंतर स्वयंपाकघरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणाला दोन माणसं लागतात आणि नवरा बहुतेक वेळ नुसता उभा होता. त्यानं सही दाखवली. "सही तर तू न वाचता कशावरही करतोस," ती म्हणाली. मग तो आत गेला, धुवायला टाकलेल्या कपड्यांतून मंगळवारचा शर्ट शोधून आणला आणि गुलाबी शिंतोडे तिच्यासमोर धरले, न्यायालयात पुरावा धरतात तसे. आणि म्हणाला, "मी दिलं नाही असं मानलं, तरी बाटलीत मी भर कशी घालीन? माझा काय औषधाचा कारखाना आहे?" यावर तिनं त्याला उलटून बोलू नकोस असं सांगितलं.

काकू तोवर आल्याच होत्या. त्यांच्या मते बाटलीला बरकत आली होती. आमच्याकडे कधी काही इतकं पुरलं नाही, असं त्या खऱ्याखुऱ्या हेव्यानं म्हणाल्या. आबा बाहेरच्या खोलीत रेडिओ मोठ्यानं लावून वर्तमानपत्रामागे बसले होते. औषधाचं तुमचं तुम्ही बघा, अशा चेहऱ्यानं. त्या दिवशीचा संध्याकाळचा डोस ठकूनं पाण्यासारखा गट्ट केला.

शुक्रवारी सकाळी ठकूचं अंग पुन्हा तापलेलं होतं. एकशे एक पॉइंट दोन. कानाला हात लावू देईना. आदल्या दिवसाचं भांडण, बरकत, सात सूचना, सगळं एका क्षणात कुठल्या कुठे गेलं. चार दिवस औषध चाललंय आणि ताप परत येतो, याचा अर्थ काय? कानातलं आत पसरलं तर? आपण काय चुकवलं? ठकूच्या आईनं रजा टाकली, दवाखान्यात फोन लावला, चारची वेळ मिळाली. तोवर सकाळचा डोस. तो नवऱ्यानं तिच्या डोळ्यांसमोर दिला, घरी परीक्षक आल्यावर प्रात्यक्षिक द्यावं तसा, कपाळावर घाम आणून. पाच एमएल, गालाच्या आतल्या बाजूला, चोख. काही म्हणता काही चूक नाही. तिनं काचेवर दुसरी रेघ ओढली, पहिल्या रेघेच्या खाली, आणि नवऱ्याकडे न पाहता 'बरं' म्हणाली. नवरा ऑफिसला गेला, जाताना दार नेहमीपेक्षा किंचित जास्त सभ्यपणे लावून.

दोन वाजता ठकूला थोपटून ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली, तर आबा तिथे होते. त्यांनी हात साबणानं धुतले होते, कोपरापर्यंत. खांद्यावर स्वच्छ फडकं होतं. ओट्यावर ते वेगळं काढलेलं पातेलं, झाकण घालून. शेजारी छोटं नरसाळं, तेही उकळलेलं. आबांनी फ्रिजमधून बाटली काढली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, बाटली डोळ्यासमोर धरली. आणि खुशीनं मान डोलावली.

"सूनबाई, हे फार बरं केलंस," ते तिला पाहून म्हणाले. "खालची रेघ हवीच होती. नुसत्या वरच्या रेघेवर माणूस काय समजणार?"

असं म्हणून त्यांनी पाणी ओतायला सुरुवात केली. अगदी हलक्या हातानं. बरोबर कंपनीच्या रेघेपर्यंत.

ठकूच्या आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिनं विचारलं, "आबा, कधीपासून?"

"मंगळवारपासून. रोज दोनला. एक दिवस चुकवला नाही." मग जरा थांबून, जणू पगारवाढ मागायची आहे पण कशी मागावी कळत नाही अशा आवाजात, "पातळी खालच्या रेघेला आली की वरच्या रेघेपर्यंत पाणी. एकतीस वर्षांत माझी एक बॅटरी कोरडी पडली नाही."

ती रागवायला गेली; पण रागवायला जागा सापडेना. हात धुतलेले. पाणी उकळून गार केलेलं. भांडं वेगळं. सगळं तिच्याच पद्धतीनं, तिच्याहूनही काटेकोर. तिनं कसंबसं म्हटलं, की पाणी एकदाच घालायचं असतं. आबांना ते पटेना. तूच नाही का सोमवारी रेघेपर्यंत भरलंस, मग पातळी उतरली तशी पुन्हा भरलीस? मी इथेच बसलो होतो, हे त्यांनी स्टूल दाखवून सांगितलं. तिला फेस आठवला. फेस खाली बसला म्हणून भरलं, हे तिनं त्या दिवशी कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगण्याची तिला गरजच वाटली नव्हती.

मग तिनं सांगितलं. बॅटरीत नुसतं पाणी उडून जातं, आम्ल तिथंच राहतं, म्हणून वर पाणी घातलं की हिशेब पुन्हा जुळतो. इथं दर डोसाला पाण्याबरोबर औषधही जातं. वर पाणी घातलं की...

पुढचं सांगावं लागलं नाही. आबा मुरलेले कारागीर. त्यांच्या हातातली बाटली आपोआप खाली आली. "म्हणजे ग्रॅव्हिटी उतरली," ते म्हणाले. बॅटरीतल्या आम्लाचा दाटपणा मोजायचा त्यांच्या खोलीतला शब्द होता तो. मग ते स्टुलावर बसले, फडकं मांडीवर घेतलं, आणि म्हणाले, "पोरीला चार दिवस पाणी पाजलं मी."

ठकूच्या आईनं मनात गणित केलं. रोज दहा एमएल गेलं, दहा एमएल पाणी आलं. काल संध्याकाळी ठकूच्या पोटात निम्म्याहून थोडंच जास्त औषध गेलं असणार. म्हणून तो 'आ'. म्हणून ते 'आनखी'. गालाच्या आतल्या बाजूचा काही संबंध नव्हता. ती आत गेली आणि आधी फोनवरच्या सात सूचना पुसल्या.

चार वाजता दवाखान्यात तिघं गेली. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, चौकशी समितीपुढे जायचं असल्यासारखा, आणि बाटली रुमालात गुंडाळून दोन्ही हातांत धरली होती. दाराशी नंबर लिहिणाऱ्या बाईंनी कागद पाहून सांगितलं, की तुम्हाला पाच दिवसांनी यायला सांगितलंय, आज पाच दिवस झाले नाहीत. फोनवर वेळ दिलीय म्हटल्यावर त्यांनी दुसरा तक्ता काढला. त्यात तक्रार लिहायचा रकाना होता. ठकूच्या आईनं फार विचार करून सांगितलं, औषध संपत नाही. बाईंनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि 'इतर' असं लिहिलं.

आत डॉक्टरीणबाईंनी ठकूच्या कानात पाहिलं. लाली तशीच होती, पण आत पसरलेलं काही नव्हतं. ठकूच्या आईनं हे दोनदा विचारून घेतलं. मग बाईंनी विचारलं, डोस नीट जातायत ना? ठकूच्या आईनं वाटेत एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. त्यात कर्ता नव्हता. पाणी कुठूनसं येऊन बाटलीत पडत होतं. ती ते वाक्य सुरू करणार तोच आबा उभे राहिले आणि त्यांनी कबुलीजबाब दिला. वार, वेळ, पाण्याचं माप, पातेल्याचा आकार, सगळं. शेवटी म्हणाले, की सुनेचा आणि मुलाचा यात काही दोष नाही.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांना खूप हसायचं होतं हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं, पण त्या हसल्या नाहीत. पातळ औषधानं जंतू मरत नाहीत, नुसते दमतात आणि पुन्हा उठतात, असं त्यांनी सांगितलं. ही बाटली बंद. नवी बाटली आणायची, मोजणी आज संध्याकाळपासून पुन्हा एकपासून, पूर्ण दहा डोस, आणि परवापर्यंत ताप हटला नाही किंवा पोर मलूल वाटलं तर लगेच घेऊन यायचं. नंतर आबांकडे वळून त्या म्हणाल्या, "आजोबा, इतक्या शिस्तीनं चूक करणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता."

आबांनी मान खाली घातली. ती शिक्षा त्यांना मान्य होती.

औषधाच्या दुकानात वेगळंच. त्याच चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंनी 'पुन्हा द्यावे' लिहिलं होतं आणि त्या चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आधीच बसला होता. दुकानदारानं रुमालातली बाटली पाहिली. ही तर भरलेली आहे, म्हणाला. ठकूची आई म्हणाली, भरलेली आहे म्हणूनच नवी हवी. मागे रांगेतले दोघं पुढे सरकले. भरलेल्या बाटलीच्या बदल्यात नवी बाटली देण्याचा नियम आपल्याकडे नाही, असं दुकानदार म्हणाला. बदल्यात नको, वेगळी द्या, असं ती म्हणाली. मग ही कुणाला देणार? कुणालाच नाही. मग आणली कशाला? शेवटी आबांनी पुन्हा सगळा कबुलीजबाब दिला, वार-वेळेसकट, या वेळी रांगेसमोर. रांग गंभीर झाली. दुकानदारानं जुनी बाटली टाकून देण्यासाठी ठेवून घेतली, दवाखान्यात फोन केला आणि मग नवी दिली, ती देताना आबांकडे न देता ठकूच्या आईच्या हातात दिली. हे आबांनी पाहिलं. तिनंही पाहिलं.

त्या संध्याकाळी नवी बाटली तयार झाली तेव्हा स्टूल रिकामं होतं. आबा आपल्या खोलीत होते. स्वयंपाकघरातून जायची वेळ आली तर ते हात पाठीमागे बांधून, फ्रिजपासून चार पावलं लांबून जात. नवऱ्याची माफी मागायची होती. ती तिनं त्याचा शर्ट हातानं धुऊन मागितली आणि त्यानं डाग गेला नाही असं सांगून स्वीकारली.

पण खरी पंचाईत ठकूची झाली. तिला पातळ औषधाची चटक लागली होती. पुऱ्या ताकदीचा पहिला डोस तोंडात जाताच तिनं आईकडे असं पाहिलं, की विश्वासघात म्हणजे काय ते आईला कळलं. कसाबसा तो गेला. शनिवारी सकाळी मात्र तिनं दात जे आवळले ते आवळलेच. आईनं समजावलं, बाबानं नाचून दाखवलं. बाहुलीला औषध पाजून झालं. बाहुलीनं चांगल्या मुलीसारखं घेतलं. ठकूनं सिरिंजला हात मारला आणि औषध फ्रिजवरच्या तक्त्यावर उडालं. अंग गरमच होतं. डोस चुकवायचा नाही, आणि हातपाय धरून घशात ओतायचं तर ठसका. ठकूची आई जमिनीवरच बसली. आता मात्र तिला रडू फुटेल असं वाटलं.

मग ती उठली आणि आबांच्या दाराशी गेली. तिला माफीही मागायची नव्हती आणि माफ केलं असंही म्हणायचं नव्हतं. दोन्ही खोटं झालं असतं. ती म्हणाली, "आबा, या बाटलीची पातळी रोज दहानं उतरली पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. मी घरी नसते. ह्याच्यावर सगळं सोडवत नाही. तुम्ही बघाल का?"

बाहेरून नवरा म्हणाला, की मला ऐकू येतं.

आबांनी पाठीमागे बांधलेले हात सोडले. मग त्यांनी विचारलं, घरात पट्टी आहे का? पट्टी आली, कागद आला. आबांनी कागदाची चिंचोळी पट्टी कापली, तिच्यावर दहा घरं आखली, प्रत्येक घर पाच एमएलचं, शुक्रवारच्या डोसाचं पहिलं घर स्वतःच रंगवून टाकलं आणि ती बाटलीला चिकटवली. मग ठकूला मांडीवर घेतलं, रंगीत खडू दिला आणि तिला समजावलं, की हे पाणी इथं आहे, आपल्याला त्याला इथं उतरवायचंय. ते आपोआप उतरत नाही, लबाड आहे. ठकूनं बाटलीकडे पाहिलं. सिरिंजमध्ये औषध आलं, पातळी एक घर उतरली. "उतललं," ती म्हणाली. आता सिरिंज रिकामी केल्याशिवाय घर रंगवता येत नाही, असा आबांनी नियम सांगितला. ठकूनं विचार केला, डोळे मिटले, तोंड उघडलं, जन्मभराचं वाईट तोंड करून गिळलं आणि घर लाल करून टाकलं. लाल रंग घराबाहेर, कागदाबाहेर, आबांच्या बोटांवरही गेला.

रविवारपर्यंत ताप साफ गेला. नवऱ्याच्या मनात आलं, आता पुरे, एवढी हसतीय. त्यानं ते बोलून दाखवायच्या आत आबांनी बाटली त्याच्यासमोर धरली आणि न रंगवलेली घरं मोजून घेतली. रोज सकाळ-संध्याकाळ ते सुनेला पातळी कळवू लागले, ती ऑफिसात असली तर फोनवर. तिच्या साहेबांना वाटलं, हिच्या घरी पूर येतोय का जातोय.

बुधवारी सकाळी दहावं घर लाल झालं. कान स्वच्छ आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. रजेचा अर्धा दिवस उरला होता. ठकूची आई पोरीला कुशीत घेऊन पडली होती, आणि तेवढ्यात समोरच्या काकू आल्या. दारात आबा होते. काकूंच्या नातीचाही कान दुखत होता. तळाशी उरलंय ना थोडं, वाया कशाला घालवायचं, असं काकूंचं म्हणणं.

आतून सगळं ऐकू येत होतं. आबा काकूंना आत बसवून सांगत होते, की एका पोराचं माप दुसऱ्याला चालत नाही. आधी वजन बघतात, कानात दिवा घालतात, मग ठरवतात. तुमच्या नातीला घेऊन जा, चारच्या आधी फोन करून जा, नाहीतर नंबरवाल्या बाई अडवतात. आणि हे उरलेलं औषध आज टाकायचंच आहे. काकूंनी विचारलं, का म्हणे? "अहो, पाणी घातल्यावर हे थोडेच दिवस टिकतं," आबा म्हणाले. "झाकण लावून ठेवलं तरी याची ग्रॅव्हिटी उतरत जाते."

ठकूच्या आईनं डोळे उघडले. हे काही बरोबर नव्हतं. औषध पाण्यात कालवल्यावर हळूहळू निकामी होतं, त्याचा ग्रॅव्हिटीशी सुतराम संबंध नाही. उठून एका वाक्यात सांगता आलं असतं. तिनं पाय खाली टाकलेही.

बाहेर काकू आबांना विचारत होत्या, रोज किती उतरते हो? आबा त्यांना आकडे सांगत होते.

तिनं पाय परत वर घेतले, पांघरूण ठकूच्या खांद्यावर ओढलं आणि गप्प पडून राहिली.